न दिसणारा माल : पेट्रोल पंपाचा इतिहास

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील विस्लॉख या लहानशा गांवीं एका औषधांच्या दुकानापाशीं एक विलक्षण गाडी येऊन थांबली. गाडीला घोडा नव्हता. बर्था बेंझ नांवाची गृहिणी आणि तिचे दोन मुलगे त्या गाडींतून प्रवासाला निघाले होते. पतीनें तयार केलेली मोटार दूरच्या प्रवासाला खरोखर उपयोगी पडते हें जगाला दिसावें, या हेतूनें ही बाई पतीला न सांगतां मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटर दूर असलेल्या आपल्या माहेरीं, चालली होती. वाटेंत इंधन संपत आलें. तेव्हां तिनें त्या दुकानांत लिग्रोइन मागितलें. हा पेट्रोलाच्या जातीचा द्रव पदार्थ त्या काळीं कपड्यांवरील डाग काढण्यासाठीं औषधांच्या दुकानांतून विकला जात असे. दुकानदारानें तो दिला, गाडीनें तो घेतला आणि बाई मार्गस्थ झाली. विस्लॉखच्या त्या दुकानाला पुढें लोक जगांतील पहिला पेट्रोल पंप म्हणूं लागले.

या प्रसंगांत एक गोष्ट सहज नजरेंतून सुटण्यासारखी आहे. दुकानदारानें जें दिलें तें घेणाऱ्या बाईला दिसत होतें. किती दिलें तेंही दिसत होतें. पुढें मोटारींची संख्या वाढली आणि हा साधा व्यवहार साधा उरला नाहीं. धान्य ओंजळींत घेऊन पाहतां येतें, कापड बोटांच्या चिमटींत धरून पारखतां येतें, दुधांत बोट बुडवून त्याचा दाटपणा अजमावतां येतो. पेट्रोल मात्र जमिनीखालच्या टाकींतून निघतें, रबरी नळींतून वाहतें आणि गाडीच्या पोटांत नाहींसें होतें. गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतो तो केवळ एक आंकडा, आणि पैसे द्यावयाचे ते त्या आंकड्यावर विसंबून. न दिसणाऱ्या मालावर लोकांचा विश्वास कसा बसवावा, हा प्रश्न या धंद्याला त्याच्या बालपणापासून चिकटलेला आहे. आणि त्या प्रश्नाला वेळोवेळीं दिलेल्या बऱ्यावाईट उत्तरांचा इतिहास तोच पेट्रोल पंपाचा इतिहास होय. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत घडला. कारण मोटार ही चैनीची वस्तु न राहतां घरोघरची गरज झाली ती प्रथम त्या देशांत.

पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक यानें १८५९ सालीं जी तेलाची विहीर खोदली, तिच्यापासून अमेरिकेच्या खनिज तेलाच्या उद्योगाचा प्रारंभ मानितात. त्या वेळीं लोकांना हवें होतें तें दिव्याचें तेल, म्हणजे महाराष्ट्रांतील घराघरांत घासलेट किंवा रॉकेल या नांवानें ओळखलें गेलेलें तेल. कच्चें तेल तापवून त्याचे अंश वेगळे करूं लागलें कीं घासलेटाच्या आधीं एक अतिशय हलका, चटकन् उडून जाणारा व भडकणारा अंश बाहेर पडे. त्याला गॅसोलीन म्हणत. दिव्यांत घातल्यास स्फोट होण्याचें भय. म्हणून त्याला फारशी किंमत नसे, आणि कित्येक कारखानदार तें सरळ नदीनाल्यांत सोडून देत. पुढें पेट्रोलवर चालणारें एंजिन आलें आणि टाकाऊ वस्तूचें भाग्य फिरलें. १९०८ सालीं हेन्री फोर्डनें आपली प्रसिद्ध मॉडेल टी गाडी बाजारांत आणली. १९२७ पर्यंत त्या एकाच नमुन्याच्या दीड कोटि गाड्या तयार झाल्या. एवढ्या गाड्यांची तहान भागवावयाची कशी आणि कोठें, हा प्रश्न आतां व्यवहाराचा झाला.

प्रारंभीं याची व्यवस्था मोठी अडचणीची होती. गांवाबाहेर तेलकंपनीचें कोठार असे. तेथें जाऊन डबा भरून आणावा लागे. कोठें किराणा मालाच्या, कोठें लोखंडी सामानाच्या दुकानांत पिपांतून पेट्रोल मापून देत. मग गाडीच्या टाकीच्या तोंडाशीं नरसाळें धरावयाचें, त्यांत मऊ कातड्याची गाळणी बसवावयाची आणि डबा हळूहळू ओतावयाचा. गाळणी नसेल तर पिपांतील गाळ व पाणी थेट एंजिनांत जाई. थोडें सांडे, थोडें उडून जाई, आणि जवळपास कोणी विडी पेटविली कीं अनर्थ ओढवे. तथापि या पद्धतींत एक समाधान होतें. माप डोळ्यांसमोर भरे आणि डोळ्यांसमोर रितें होई.

डब्याच्या जागीं पंप आला त्याची कथा घासलेटापासूनच सुरू होते. इंडियाना संस्थानांत फोर्ट वेन शहरीं सिल्व्हेनस बाउझर नांवाचा कल्पक गृहस्थ राहत असे. त्यानें ५ सप्टेंबर १८८५ रोजीं आपला पहिला पंप त्याच शहरांतील एका किराणा दुकानदाराला विकला. या दुकानांत घासलेटाचें पीप लोण्याच्या पिपाजवळच असे व घासलेट झिरपून लोण्याला वास लागे, अशी त्या खरेदीमागची हकीकत सांगतात. बाउझरचा पंप म्हणजे एक बंद टाकी, तींत वरखालीं होणारा दट्ट्या आणि वर तोटी. दांडा ओढला कीं ठराविक तेल बाहेर पडावें, ही त्यांतील मुख्य युक्ति. १९०५ च्या सुमारास त्यानें हाच पंप पेट्रोलासाठीं सुधारून दिला. त्याला रबरी नळी जोडली, टाकी लाकडी कपाटांत बंद केली आणि हवें तेवढेंच माप बाहेर पडावें म्हणून अटकाव बसविले. आतां नरसाळ्याशिवाय पेट्रोल थेट गाडींत जाऊं लागलें. या गृहस्थाचें नांव यंत्रालाच चिकटलें. ऑस्ट्रेलियांत पेट्रोलच्या पंपाला ‘बाउझर’ म्हणण्याची चाल पडली, आणि भारतांतही इंधन वाहून नेणाऱ्या गाडीला हाच शब्द लावितात. बोलणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना त्यामागें एक माणूस उभा आहे याची कल्पना असेल.

असे पंप प्रथम दुकानांच्या दारांत, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पेट्रोल घेणारी गाडी रस्त्यावरच थांबे आणि मागची रहदारी खोळंबून राही. यावर उपाय म्हणून गाड्या रस्त्यावरून आंत घेण्याची स्वतंत्र जागा असावी, अशी कल्पना निघाली. पहिलें असें ठिकाण कोणतें, याविषयीं सेंट लुइस, सिएटल इत्यादि शहरांचे निरनिराळे दावे आहेत. परंतु केवळ याच कामासाठीं मुद्दाम आराखडा करून बांधलेलें, आणि सर्वांना खुलें असलेलें पहिलें सेवाकेंद्र म्हणून बहुधा पिट्सबर्ग शहराचें नांव घेतलें जातें. तेथें बॉम बुलेव्हार्ड या हमरस्त्यावर १ डिसेंबर १९१३ रोजीं गल्फ रिफायनिंग कंपनीनें आपलें केंद्र उघडलें. विटांची सुबक इमारत, वर छप्पर, रात्रभर दिवे. टायरांत हवा फुकट, रेडिएटरसाठीं पाणी फुकट. पेट्रोलचा दर गॅलनला २७ सेंट होता. अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारें पावणेचार लिटर. पहिल्या दिवशीं तेथें विक्री झाली ती अवघी ३० गॅलनांची; पण पहिल्याच शनिवारीं हा आंकडा ३५० गॅलनांवर गेला. पुढच्या वर्षापासून कंपनी मोटारवाल्यांना रस्त्यांचे नकाशेही फुकट वांटूं लागली. पेट्रोल सगळीकडे सारखेंच दिसत असल्यामुळें, किंबहुना तें दिसतच नसल्यामुळें, गिऱ्हाइकानें दुकानाची पारख करावी ती त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींवरून, हें मर्म या कंपनीनें ओळखलें होतें.

त्या मर्माला लवकरच मोठें महत्त्व आलें. १९११ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य मक्तेदारीचे तुकडे करण्याचा निर्णय दिला आणि त्यांतून ३४ कंपन्या वेगळ्या झाल्या. गल्फ, टेक्साको यांसारखे प्रतिस्पर्धी मैदानांत होतेच. चौकाचौकांत पंप उभे राहिले; १९२९ च्या सुमारास त्यांची संख्या एका लक्षाहून अधिक झाली होती. प्रत्येक कंपनीनें आपलें चिन्ह, आपला रंग, आपल्या इमारतीची धाटणी ठरविली. प्युअर ऑइल कंपनीनें इंग्लंडांतील खेड्यांतल्या घरांसारखीं उतरत्या छपरांचीं टुमदार घरें बांधलीं, तर टेक्साकोनें १९३७ च्या सुमारास वॉल्टर टीग या कलावंताकडून पांढऱ्या शुभ्र, चकचकीत इमारतींचा नमुना करून घेतला. प्रवासी अनोळखी गांवीं गेला तरी ओळखीचा रंग दिसतांच त्याच्या मनाला धीर येई. आणि हा धीर विकणें हेंच अर्धें काम होतें. दरम्यान मापाकडे पाहणारा आणखी एक डोळा उघडला. ऑरेगॉन संस्थानानें १९१९ सालीं पेट्रोलवर गॅलनला १ सेंट कर बसविला. दहा वर्षांच्या आंत ही प्रथा सर्व संस्थानांत पसरली व १९३२ मध्यें मध्यवर्ती सरकारनेंही आपला वाटा मागितला. पंपावरील आंकडा आतां गिऱ्हाईक व दुकानदार या दोघांपुरता राहिला नाहीं. सरकारही त्यांत भागीदार झालें.

परंतु त्या आंकड्याची शाश्वती काय? सुरुवातीच्या पंपांना पुढें लोक ‘आंधळे पंप’ म्हणूं लागले. दांड्याच्या एका हेलकाव्याला अमुक माप, असा हिशेब असे. पण दट्ट्या पुरता खालीं गेला कीं मध्येंच परतला, आंत पेट्रोल होतें कीं हवा, हें बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. संशय वाढूं लागला आणि त्या संशयानेंच एका सुंदर यंत्राला जन्म दिला. या पंपाच्या माथ्यावर कांचेचें उभें नळकांडें असे व त्यावर गॅलनांच्या खुणा असत. नोकर बाजूचा दांडा मागेंपुढें हलवी, तसतसें जमिनीखालचें पेट्रोल त्या कांचेंत चढूं लागे. खुणेपेक्षां अधिक चढल्यास जादा पेट्रोल एका नळीनें परत खालीं जाई. त्यामुळें पातळी नेमकी खुणेवर येऊन ठरे. मग झडप उघडली कीं उंचावरचें पेट्रोल आपल्याच भारानें गाडींत उतरे. लहान मुलेंही गाडीबाहेर येऊन हा चमत्कार पाहत. विस्लॉखच्या दुकानांतील दिसणारें माप पुन्हां एकदां माणसाच्या डोळ्यांसमोर आलें होतें.

माल दिसूं लागतांच त्याला रंगही आले. सनोको कंपनीचें पेट्रोल निळें असे आणि त्या निळ्या रंगाचीच ती जाहिरात करी. फेब्रुवारी १९२३ मध्यें ओहायओ संस्थानांतील डेटन शहरीं लाल रंगाचें ‘एथिल’ पेट्रोल प्रथम विक्रीला आलें. एंजिनांत इंधन अवेळीं पेटून जो ठोका बसतो तो या पेट्रोलानें थांबे. गाडी चढावरही सुरळीत चाले. पण त्यांत मिसळलें होतें तें शिशाचें एक अत्यंत विषारी संयुग; आणि ‘एथिल’ या गोड नांवांत शिशाचा उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील एका कारखान्यांत या पदार्थावर काम करणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. कांहीं शहरांनीं व संस्थानांनीं बंदी घातली, विक्री थांबली, १९२५ सालीं सरकारी परिषद भरली. आणि १९२६ मध्यें तोच माल पुन्हां पंपावर आला. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या रस्त्यांवरील हवेंत शिसें मिसळत राहिलें. अमेरिकेंतील रस्त्यांवर त्याची संपूर्ण बंदी झाली ती १९९६ सालीं, भारतांत २००० सालीं. आणि मोटारींसाठीं असें पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्यानें तें २०२१ मध्यें बंद केलें. कांचेच्या नळकांड्यानें माप दाखविलें, रंग दाखविला. परंतु मालाच्या पोटांत काय आहे तें दाखविलें नाहीं. डोळ्यांना दिसतें तेंच सर्व सत्य नव्हे, याचा यापेक्षां महाग पडलेला धडा या धंद्याच्या इतिहासांत दुसरा नाहीं.

कांचेचा पंप दिसावयाला मोहक असला तरी कामाला मंद होता. कांच फुटे, दांडा हलवून हात भरून येत, रांगेंतल्या गाड्या कर्णे वाजवूं लागत. विजेवर चालणारे पंप आले तेव्हां कांचेच्या जागीं मोजयंत्र बसलें. या यंत्रांत लहान लहान दट्ट्ये असतात. पेट्रोलच्या जोरानें ते सरकतात आणि प्रत्येक फेऱ्याला ठराविकच पेट्रोल पुढें जाऊं देतात. फेरे मोजले कीं माप मिळालें. १९३३ च्या सुमारास या मोजयंत्राला दांतेरी चाकांची अशी एक जुळणी जोडण्यांत आली कीं, माप आणि त्याची किंमत हे दोन्ही आंकडे गिऱ्हाइकासमोर एकाच वेळीं फिरूं लागले. दर बदलला कीं चाकांचा मेळ बदलावयाचा, एवढेंच काम. हें यंत्र इतकें भरंवशाचें निघालें कीं सुमारें अर्धें शतक त्यानें राज्य केलें. त्याची एक मर्यादा मात्र १९७९ सालीं उघडी पडली. यंत्र बनविणारांनीं गॅलनला ९९.९ सेंटांपेक्षां अधिक दराची कल्पनाच केली नव्हती. दर डॉलरपलीकडे गेला, तेव्हां कित्येक पंपांवर निम्मा दर लावून येणारी रक्कम दुप्पट करण्याची पाळी आली. ज्या यंत्रानें गिऱ्हाइकाला हिशेबापासून मुक्त केलें, त्याच यंत्रासमोर गिऱ्हाइकाला पुन्हां तोंडीं हिशेब करावा लागला.

माप विश्वासाचें झालें, तरी विश्वास केवळ मापाचा नसतो. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत पंपवाल्यांची चुरस सेवेवर येऊन ठेपली. गाडी आंत वळतांच गणवेशांतील नोकर धांवत येत. एक पेट्रोल भरी, दुसरा समोरची कांच पुशी, तिसरा तेलपाणी पाही. प्रवासी कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, स्वच्छ शौचगृहाची किती गरज असते हें ओळखून टेक्साकोनें १९३८ सालीं आपल्या शौचगृहांची नोंदणी आरंभिली; पांढऱ्या गाड्यांतून निरीक्षक फिरूं लागले. परंतु ज्या दारावर स्वच्छतेची हमी लटकत असे, तेंच दार दक्षिणेकडील कित्येक ठिकाणीं कृष्णवर्णी प्रवाशाला बंद असे. त्याचे पैसे चालत, त्याची गाडी चाले. पण त्याच्या लेंकरांना आडोशाला जावें लागे, आणि कांहीं पंपांवर तर पेट्रोलही नाकारलें जाई. म्हणून न्यू यॉर्कच्या हार्लेम भागांत राहणारा, टपाल वाटण्याचें काम करणारा व्हिक्टर ग्रीन यानें १९३६ सालीं एक लहानसें मार्गदर्शक पुस्तक काढलें. कृष्णवर्णी प्रवाशांनीं कोठें उतरावें, कोठें जेवावें, कोठें पेट्रोल घ्यावें, याची यादी त्यांत असे. एसो कंपनीच्या पंपांवर तें मिळे, ही त्या कंपनीच्या नांवावर जमा करण्यासारखी गोष्ट होय. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें हा भेदाभेद बेकायदा ठरविला, आणि त्या कायद्याच्या कलमांत उपाहारगृहांच्या जोडीनें पेट्रोल पंपाचा नांवानिशीं उल्लेख आहे. रस्ता सर्वांचा आहे असें म्हणणें निराळें आणि रस्त्यावर थांबण्याचा हक्क सर्वांना असणें निराळें, हें त्या एका शब्दानें मान्य केलें.

दुसऱ्या महायुद्धानें सेवेचा हा थाट मोडला. १ डिसेंबर १९४२ पासून साऱ्या अमेरिकेंत पेट्रोलचें नियंत्रण सुरू झालें. साध्या गाडीला आठवड्यास तीन-चार गॅलन, आणि तेही कुपनें दिल्यावर. याचें मुख्य कारण पेट्रोलची टंचाई नसून रबराची होती; आग्नेय आशियांतील रबराचे मळे जपानच्या हातीं गेले होते आणि टायर वांचवावयाचे तर गाड्या थांबविणें प्राप्त होतें. युद्धानंतर, १९४७ सालीं, लॉस एंजेलिस येथें फ्रँक युरिच या व्यापाऱ्यानें नवीनच टूम काढली. गिऱ्हाइकानें आपलें पेट्रोल आपणच भरावें आणि गॅलनमागें ५ सेंट वांचवावेत. इतर पंपवाल्यांनीं आगीचें भय पुढें करून विरोध केला. न्यू जर्सींत १९४९ मध्यें व ऑरेगॉनमध्यें १९५१ मध्यें या पद्धतीला कायद्यानें बंदी झाली. ऑरेगॉननें ती २०२३ सालीं उठविली, न्यू जर्सीनें मात्र अद्याप सोडलेली नाहीं. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब देशांनीं तेलाची नाकेबंदी केली. पंपांपुढें मैलमैल रांगा लागल्या. गाडीचा क्रमांक सम कीं विषम यावरून पेट्रोल घेण्याचे दिवस ठरूं लागले. महागाई व टंचाई यांनीं लोकांना काटकसर शिकविली आणि स्वतःच पेट्रोल भरण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. कांच पुसणारे हात नाहींसे झाले. त्यांच्या जागीं खाद्यपदार्थांचें दुकान आलें.

अननुभवी माणसाच्या हातीं पेट्रोलची नळी सुखरूप देतां आली, याचें श्रेय तोटीच्या मुठींत दडलेल्या एका युक्तीला आहे. तोटीच्या टोकाशीं एक बारीक छिद्र असतें. पेट्रोल वाहत असतांना त्या छिद्रावाटे थोडी हवा आंत ओढली जाते. टाकी भरत आली कीं पेट्रोलची पातळी त्या छिद्रापर्यंत चढते आणि छिद्र बुजतें. हवा येणें थांबतांच मुठींतील पातळ पडद्यावर एकाएकीं ओढ बसते, पडदा सरकतो, खिटी निसटते आणि झडप खट्कन् मिटते. या युक्तीला वीज लागत नाहीं कीं नजर लागत नाहीं. छिद्राला हवा मिळते कीं नाहीं, एवढेंच तिला कळतें आणि तेवढें पुरतें.

जें गिऱ्हाइकाला दिसत नव्हतें तें पुष्कळदां विक्रेत्यालाही दिसत नसे, हें आणखी उशिरां उमगलें. आगीच्या भयानें टाक्या जमिनींत पुरण्याची पद्धत पडली होती. ती योग्यच होती. जमिनीखालीं गारवा असतो, आणि पेट्रोल तर उष्णतेनें फुगणारें. एका अंश सेल्सिअसला सुमारें हजारावा भाग, म्हणजे दहा अंशांना शंभरांत एक लिटराचा फरक पडतो. परंतु उघड्या पोलादाच्या त्या टाक्या ओल्या मातींत गंजत होत्या. थेंब थेंब पेट्रोल मातींत मुरे आणि विहिरींच्या पाण्याला जाऊन मिळे. टाकींत रोज काठी बुडवून पातळी मोजण्याची रीत होती; पण थोडी तूट पडली तर ती उडून गेली, मापांत चुकली कीं जमिनींत गेली, हें काठी सांगूं शकत नसे. १९८४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें या टाक्यांसाठीं कायदा केला. १९८८ मध्यें नियम झाले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास अथवा काढून टाकण्यास १९९८ च्या अखेरीपर्यंत मुदत मिळाली. न गंजणाऱ्या दुहेरी भिंतींच्या टाक्या, गळतीची सूचना देणारीं यंत्रें, हीं सर्व त्यानंतर रूढ झालीं. ज्या धंद्यानें रस्त्यावरचें दर्शन इतकें सजविलें, त्याला पायाखालीं पाहण्यास पाऊण शतक लागलें.

भारतांत पंपावर पेट्रोल भरणारा माणूस अद्याप उभा आहे. महाराष्ट्रांतील कोणत्याही पंपावर गाडी थांबली कीं नळी उचलण्यापूर्वीं तो गिऱ्हाइकाला म्हणतो, “साहेब, झिरो बघा.” या तीन शब्दांत वर सांगितलेला सारा इतिहास सांठला आहे. आंकडा शून्यावर असल्याची साक्ष विक्रेत्यानें घ्यावयाची ती प्रत्यक्ष गिऱ्हाइकाकडून. तरीही यंत्र बदललें म्हणून माणसाचा लोभ बदलत नाहीं. २०१७ सालीं उत्तर प्रदेशांत, आणि मागोमाग महाराष्ट्रांत, पोलिसांनीं पंपांवर छापे घातले. तेव्हां कांहीं यंत्रांच्या पोटांत चोरून बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक करामती सांपडल्या. मोजयंत्र माप देई एक आणि आंकडा दाखवी दुसरा. शून्य खरें होतें. शून्यानंतरचें सर्व खोटें होतें. आंधळ्या पंपाचा दट्ट्या जें करी, तेंच आतां नखाएवढी चकती करूं लागली होती.

यावरील उपाय मात्र त्याच जागीं, पंपाच्या आवारांतच, ठेवलेला असतो. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचें पांच लिटरांचें धातूचें माप असणें भाग आहे, आणि शंका आल्यास गिऱ्हाइकाला तें मागून आपल्यासमोर पेट्रोल मोजून घेण्याचा अधिकार आहे. शुद्धतेची शंका असेल तर कागदाची चाचणी मागतां येते. एकीकडे विजेच्या जोरावर फिरणारे आंकडे, आणि दुसरीकडे एका कोपऱ्यांत ठेवलेलें हें साधें माप. तें हातीं धरून पाहिलें म्हणजे विस्लॉखच्या दुकानदारानें दिलेल्या त्या दिसणाऱ्या मालाची आठवण व्हावी. आतां विजेवर चालणाऱ्या मोटारी येत आहेत. वीज तर पेट्रोलाहूनही अदृश्य. तिला रंग नाहीं, वास नाहीं, कांचेच्या नळकांड्यांतही ती चढणार नाहीं. तेव्हां तिच्या व्यवहारालाही कोठें तरी, कोणत्या तरी रूपांत, असें एक माप ठेवावें लागेल. आणि तें मागण्याचा संकोच गिऱ्हाइकानें सोडावा लागेल. कारण न मागितलेलें माप कोपऱ्यांत कितीही खरें असलें, तरी तें कोणाचेंच रक्षण करीत नाहीं.